पुढचं डावं चाक

१

चाक पोलीस चौकीच्या मागच्या आवारात आडवं पडलं होतं आणि त्यावर एक मांजर झोपलं होतं. दीड महिन्यापूर्वी ज्या चाकानं एका पोरीचा उजवा पाय मांडीपासून नेला, त्याच चाकावर. टेपबाईंनी मांजराला हुसकावलं नाही. पर्समधून शिवणकामाची पिवळी टेप काढली आणि मांजरासकट चाक मोजून घेतलं.

आता या टेपबाई कोण, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. एकदा एका वकिलाच्या बायकोचं माप घेताना त्या सहज म्हणाल्या, "डावा खांदा अर्धा इंच खाली आलाय तुमचा. घरात जड पिशव्या उचलायला दुसरं कोणी नाही का?" वकील शेजारच्याच खोलीत होता. त्यानं आधी कान टवकारले, मग लाजला, आणि त्याच आठवड्यात बाईंना आपल्याकडं कामाला घेतलं. तेव्हापासून गाड्यांनी तुडवलेल्या माणसांच्या भरपाईच्या दाव्यांसाठी पुरावे गोळा करणं हे त्यांचं काम. या बाईला दया-माया नाही असं लोक म्हणतात. आहे, पण ती कामाच्या वेळेत बाहेर निघत नाही.

प्रकरण वरवर पाहिलं तर सोपं होतं. एका वाहतूक कंपनीचा जुना मालट्रक. सकाळी सहाला चढावरच्या टायरवाल्याकडं त्याचं पुढचं डावं टायर बदललं. ट्रक तिथून गोदामाला गेला, खड्ड्याखड्ड्यांतून बारा किलोमीटर, माल भरला आणि त्याच रस्त्यानं परत आला. आठ वाजता टायरवाल्याचं दुकान ओलांडून उतारावर लागला आणि पुढचं डावं चाक निखळलं. सुटलेलं चाक उड्या मारत खालच्या बस थांब्यावर गेलं. थांब्यावर एकच माणूस होतं.

ती टायरवाल्याची एकुलती एक लेक. तेवीस वर्षांची. विजेच्या खांबांवर चढायची नोकरी तिला लागून पंधरा दिवस झाले होते. तिची बस पावणेआठची, पण त्या दिवशी बस उशिरा आली. फार नाही, पंधराच मिनिटं.

"दावा कंपनीवर," वकील म्हणाला होता. "नवा पाय, ऑपरेशनं, पुढची चाळीस वर्षं. हे सगळं कंपनीकडून निघेल. निघालं असतं. पण हा कागद बघा."

कागद टायरवाल्याच्या हातचा होता. 'नट आवळायचे माझ्याकडून राहिले. चूक माझी आहे. कंपनीचा किंवा ड्रायव्हरचा काही दोष नाही.' खाली सही.

हा कागद टिकला तर कंपनी हात झटकून मोकळी. मग पोरीनं भरपाई मागायची कुणाकडं? जन्मदात्या बापाकडं. आणि बापाकडं होता एक कॉम्प्रेसर, दोन जॅक आणि गुडघेदुखी.

टेपबाईंनी जागा पायी मोजली होती. पोलिसांना रस्त्यावर आठांपैकी सहा नट सापडले होते. सातवा बाईंना गटारात मिळाला, चौकीच्या वहीत तशी नोंद करून त्यांनी तो स्वतःजवळ ठेवला. आवारात ट्रकही उभा होता, चाकाच्या जागी लाकडाच्या ओंडक्यावर टेकवलेला. बाईंनी नट एका बोल्टवर ठेवून फिरवून पाहिला. तो काही केल्या बसेना.

"आटे गेले असतील, बाई," हवालदार जांभई देत म्हणाला. "एवढा मार बसलाय त्याला."

बाईंनी नटात बोट घालून पाहिलं. आतले आटे त्यांच्या बोटाला चांगले धारदार लागले. पण त्या शिवणकाम करणाऱ्या, लोखंडातलं त्यांना काय कळणार? नट पर्समध्ये टाकून त्या वकिलाकडं आल्या.

"सुनावणीला दहा दिवस आहेत," वकील म्हणाला. "त्या माणसानं खोटं लिहून दिलं असेल तर का दिलं, एवढंच शोधा."

"आणि खरं लिहिलं असेल तर?"

"तर पोरीला एक चांगली कुबडी घेऊन द्या."

२

टायरवाला एका टेम्पोचं चाक बसवत होता. साठीचा, सुकलेला, पण हात बघत राहावेत असे. त्यानं नट एकेक करून आवळले. पान्याला चार फुटी पाइप लावून शेवटचा झटका दिला. पाइपच्या मुठीला लाल ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला होता. मग पांढऱ्या रंगाच्या डब्यात काडी बुडवून प्रत्येक नटावर एक रेघ मारली, नटावरून थेट रिमवर, एका दमात.

"ही कशाला?" टेपबाईंनी विचारलं.

"रेघ तुटली की समजायचं, नट हलला."

"आणि ही आधी मारायची की आवळल्यावर?"

त्यानं काडी डब्यात ठेवली. "तुम्ही वकिलाकडच्या ना? मी लिहून दिलंय सगळं."

"वाचलं. त्या दिवशी रेघा मारल्या होत्या?"

"मारल्या होत्या."

"आणि आवळलं नव्हतं?"

"राहिलं."

"पस्तीस वर्षांत कधी राहिलं होतं?"

"त्या दिवशी राहिलं, बाई."

हे सगळं तो खाली बघत बोलला. बाईही खाली बघू लागल्या. त्याच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि तांब्याच्या तारेनं बांधून काढलेला होता. तारेचे सात वेढे, एकाला एक चिकटलेले, कुठं फट नाही. असली सफाई बाईंना फार आवडते. त्यांनी मनात शाबासकी दिली आणि पुढचा प्रश्न टाकला.

"तुमचं झाल्यावर ड्रायव्हरनं नट पुन्हा आवळले, असं कंपनी म्हणते. तुम्ही पाहिलंत?"

"मी आत होतो. काही पाहिलं नाही."

"आत कुठं?"

"आत म्हणजे आत!" तो एकदम खेकसला. टेम्पोवाला दचकून मागं वळला. टायरवाल्यानं पाना उचलला आणि आवळलेलेच नट पुन्हा आवळायला घेतले. एकही हलला नाही.

दुकानाच्या मागंच घर होतं. बाई निघाल्या तशी दाराच्या फटीतून बायकोनं त्यांना आत ओढलं आणि मोरीपाशी नेलं. नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

"दीड महिन्यात लेकीच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही त्यानं," ती कुजबुजली. "ती 'बाबा' म्हणून हाक मारते आणि हा दुकानात हवा भरत बसतो. अहो, गिऱ्हाईक नसताना भरतो! असला कसला बाप?"

"चूक आपली म्हटल्यावर माणूस तोंड लपवतो."

"चूक?" तिनं नळ आणखी सोडला. "बाई, कंपनीचा मॅनेजर आला होता. फळांची टोपली आणि जाडजूड पाकीट घेऊन. दुसऱ्याच दिवशी यानं तो कागद लिहून दिला. आता तुम्हीच सांगा, पोटच्या पोरीचा पाय विकला की नाही यानं?"

३

मॅनेजरच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक पुसट होत आलेली खूण होती. पाकिटाचा विषय निघताच त्यानं त्या खुणेवर बोट ठेवलं.

"सफरचंद. चार हातांवरून मारलं. मग पाकीट मारलं, मग टोपली. मॅडम, लाच दिल्याचा आळ घ्यायलाही मी तयार झालो असतो, पण घेतली असती तर ना!"

"आणि तरी दुसऱ्या दिवशी कागद लिहून दिला?"

"स्वतः आणून दिला. मला वाटलं आता वीट मारतोय. मी टेबलाखाली जायच्या बेतात होतो." तो हसला. बाई हसल्या नाहीत, तसा त्यानं चेहरा सरळ केला. "हे बघा, आमची बाजू स्वच्छ आहे. माझा नियम आहे, बाहेरच्या कुणीही चाकाला हात लावला की आमच्या ड्रायव्हरनं सगळे नट स्वतः आवळायचे आणि फोटो पाठवायचा. फोटोशिवाय गाडी हलत नाही. हा बघा त्या सकाळचा."

त्यानं फोन पुढं केला. चष्मा पुसून टेपबाईंनी पाहिलं. पुढचं डावं चाक, आठ नट. शेवटच्या नटावर पाना, पान्यात लांब पाइप, लाल मुठीचा, जमिनीला समांतर. खाली कोपऱ्यात कुणाचा तरी पाय अर्धवट आला होता. आठही नटांवरच्या पांढऱ्या रेघा तुटलेल्या होत्या. रिमवरची रेघ बारावर म्हणावी, तर नटावरची सरकून तीनवर गेलेली. सगळ्यांची तशीच.

"बघा, बघा!" मॅनेजर उत्साहानं म्हणाला. "पाव-पाव फेरा आवळलाय आमच्या माणसानं. याहून जास्त काय काळजी घ्यायची कंपनीनं?"

बाईंनी फोटो आपल्या फोनवर मागून घेतला. "त्या सकाळचं आणखी काही जपून ठेवलंय?"

"सगळं. आमच्या वकिलानं सांगितलंय." त्यानं फोनची वही उघडली. या ऑफिसात आलेला प्रत्येक फोन वेळेसकट लिहिला जायचा. बाईंची नजर त्या दिवसाच्या पानावरून खाली उतरली आणि एका ओळीवर थांबली. सात बावन्न. 'न बोलता ठेवला.' पुढं नंबर.

"हा कोण?"

"काय माहीत. सकाळच्या घाईत मी फोन उचलला की आधी सांगतो, 'गाडी नंबर बोल, नाहीतर ठेव.' त्यानं ठेवला. असे दहा येतात."

टेपबाईंनी आपली वही उघडली. टायरवाल्याच्या दुकानाच्या पाटीवरचा मोबाइल नंबर त्यांनी सवयीनं उतरवून घेतला होता. बोट ठेवून त्यांनी आकडा आकड्याशी जुळवला. दहाही जुळले.

चाक निखळलं आठला. टायरवाल्यानं कंपनीला फोन केला त्याच्या आठ मिनिटं आधी.

४

ड्रायव्हर तिशीच्या आतला, नव्याकोऱ्या ट्रकची काच पुसत होता. गडी बोलायला एका पायावर तयार, आणि का नसावा? त्याच्या मते तो या प्रकरणातला एकमेव शहाणा माणूस होता.

"मावशी, मी तर देवमाणूस निघालो म्हणा! मी आवळलं नसतं तर चाक गोदामाच्या आधीच गेलं असतं."

"नट सैल होते?"

"सगळे! आठच्या आठ. एकेकाला झटका दिला की कट्ट करून पाव फेरा फिरायचा."

"कशानं झटका दिलास?"

"माझा पाना आखूड. त्यानं एकही हलेना. मग म्हाताऱ्याचाच मागून घेतला, तो चार फुटी पाइपवाला. त्यावर सगळं वजन टाकलं तेव्हा कुठं फिरले. घाम निघाला हो!"

टेपबाईंनी वही मिटली. "पोरा, सैल नट फिरवायला चार फुटी पाइप लागतो?"

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. बाईंनी पुढचं बोलणं मनातच ठेवलं. सैल नट बोटानंही फिरतो. ज्याला पाइप आणि वर एका जवान माणसाचं वजन लागतं, तो नट आवळलेलाच असतो, आणि सणसणीत आवळलेला. म्हणजे टायरवाल्याचा कागद धडधडीत खोटा होता. त्याचं काम चोख झालं होतं.

"म्हातारा कुठं होता तेव्हा?"

"होता तिथंच कुठंतरी, तोंड फुगवून. मी म्हटलं होतं त्याला, 'बाजूला हो म्हाताऱ्या, हातात दम राहिला नाही तुझ्या.' लाइनीतले दोन ड्रायव्हर खो-खो हसले. गंमत हो! आपल्यात चालतंच."

"ही जुनी गाडी तू किती दिवस चालवत होतास?"

"तिसरा दिवस. त्याआधी कायम अशाच नव्या गाड्या." त्यानं ट्रकच्या दारावर प्रेमानं थाप मारली. "ते खटारं माझ्या गळ्यात मारलं मॅनेजरनं. परत येताना स्टेअरिंग थरथरत होतं, मला वाटलं खड्डे आहेत."

बाई बस थांब्याकडं चालू लागल्या आणि त्यांच्या डोक्यात भुंगा सुरू झाला. टायरवाल्यानं चाक आवळलं. ड्रायव्हरनं त्यावर आणखी आवळलं. दोन माणसांनी आवळलेलं चाक निखळतं कसं? आणि तेही बारा किलोमीटर जाऊन, तेवढंच परत येऊन, त्याच दुकानाखाली? कोडं सुटायच्या ऐवजी दुप्पट झालं होतं.

५

लेक पलंगावर बसून कुबडीचा सैल स्क्रू पक्कडीनं पिळत होती. तोंडावर रडकेपणाचा मागमूस नाही. तिच्या कामावरचे जाड तळव्याचे बूट कोपऱ्यात होते. दोन्ही.

"आई म्हणते, बाबांनी पैसे घेतले," ती म्हणाली. "घेतले का, मावशी?"

"नाही. सफरचंद फेकून मारलं मॅनेजरला."

तिला हसू फुटलं. "मग ठीक आहे. विसरले तर विसरले. मी रोज हाक मारते, एक दिवस येतील आत. चूक काय कुणाकडूनही होते."

टेपबाईंना त्या क्षणी तिची फार माया आली. म्हणूनच त्या घाईघाईनं म्हणाल्या, "चूक त्यांची नाहीच मुळी. त्यांनी चांगलं आवळलं होतं, मी सिद्ध करून दाखवते. फक्त एक गाठ सुटत नाहीये." आणि त्यांनी पर्समधला नट काढून चादरीवर ठेवला.

पोरीनं नट उचलला, उजेडाकडं धरून आत पाहिलं.

"उलट्या आट्यांचा आहे. जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला असेच असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे नट उजवीकडं फिरवले की आवळतात ना, घड्याळाच्या काट्यासारखे? हे उजवीकडं फिरवले की सुटतात. चाक पुढं पळताना आपोआप सैल होऊ नये म्हणून. नव्या गाड्यांत दोन्हीकडं सरळच असतात. मी सात वर्षांची असताना बाबांनी शिकवलंय मला. डावं चाक, उलटा हात."

चौकीत नट का बसला नव्हता, ते आता बाईंना कळलं. आटे गेले नव्हते, त्या उलट दिशेला फिरवत होत्या. आणि फक्त त्याच नव्हे.

त्यांनी फोन उघडून फोटो पोरीपुढं धरला. बारावरची रेघ तीनवर. घड्याळाच्या काट्यासारखी. आठही.

"अरे गाढवा!" पोरगी ओरडली. "यानं आवळलं नाही, सोडवलं! प्रत्येक नट पाव फेरा सोडवला आणि गाडी खड्ड्यांतून नेली. मावशी, झालं की! हा माणूस कंपनीचा, नियम कंपनीचा. बाबा सुटले!" तिचे डोळे भरून आले. "आई! आई गं, इकडं ये!" मग ती थांबली. "पण हा पाइप तर बाबांचा आहे."

"मागून घेतला होता."

"आणि असा आडवा कसा राहिलाय? एवढा जड पाइप, सोडला की खाली येतो. ड्रायव्हर फोटो काढतोय. मग पाइप कोण धरून उभं आहे?"

तिनं दोन बोटांनी फोटोचा खालचा कोपरा मोठा केला. टेपबाईंनी चष्म्यातून पाहिलं तेव्हा त्यांना नुसता पाय दिसला होता. आता चप्पल दिसली. डावी. पट्ट्यावर तांब्याची तार, सात वेढे, एकाला एक चिकटलेले.

"ही मी बांधून दिली होती," पोरगी म्हणाली. "कामाच्या पहिल्या दिवशी. कामावरची तार होती उरलेली."

टेपबाईंना वाटलं, हा फोन पर्समध्येच राहायला हवा होता. पण ते फार उशिरा वाटलं.

"बाबा तिथं होते," पोरगी सावकाश म्हणाली. "दोन हातांवर. उलटा फिरवतोय हे त्यांना पहिल्याच नटाला कळलं असणार. डोळे मिटून आवाजावरून ओळखतात ते." तिनं बाईंकडं पाहिलं. "आणखी काय आहे तुमच्याकडं? सगळं सांगा."

बाईंनी सांगितलं. 'हातात दम नाही.' दोघांचं खो-खो हसणं. सात बावन्नचा फोन. त्यांनी आजवर कुणापासून पुरावा लपवला नव्हता आणि आता कसा लपवायचा हे त्यांना येतही नव्हतं.

आई दारात येऊन उभी होती. "काय गं, हाक मारलीस?"

"काही नाही," लेक म्हणाली. ती पुन्हा स्क्रू पिळायला लागली. "मावशी, एवढ्या पुराव्यावर दावा टिकतो?"

"फोटोवर कंपनी म्हणेल, रेघा आधीच्याच कुठल्यातरी. पाना कुठल्या दिशेला फिरला ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस लागेल."

"तो आहेच की. मग सांगेल तो तिथं." ती 'सांगतील' म्हणाली नाही. "पण इथं माझ्याकडं येऊन काही सांगायचं नाही म्हणावं. जे सांगायचं ते तिथंच, सगळ्यांसमोर."

६

"तुम्ही कागद खोटा लिहिलात," टेपबाई दुकानात स्टुलावर बसून म्हणाल्या. "पैशासाठी नाही, पाकीट तर तुम्ही फेकलंत. भीतीनं नाही, मॅनेजरच तुम्हाला घाबरतो. चोख काम केलेला माणूस 'मी चुकलो' असं कधी लिहून देतो? त्याहून वाईट काही झाकायचं असेल तेव्हा. चुकलात असं ठरलं तर पुढं कुणी काही विचारत नाही. ड्रायव्हरनं सोडवलं असं ठरलं की पहिला प्रश्न येतो, तुम्ही कुठं होता?"

टायरवाला कॉम्प्रेसरला टेकून उभा होता. त्यानं मशीन बंद केलं.

"पहिल्याच नटाला त्यानं उलटा झटका दिला," तो म्हणाला. "कट्ट वाजलं. मी तोंड उघडलं होतं, बाई. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, 'बघ, सैल ठेवला होतास म्हाताऱ्या.' आणि ते दोघे हसले. मग मी मिटलं."

"आठही होईपर्यंत?"

"आठही होईपर्यंत."

"आणि वर फोटोसाठी पाइप धरलात."

"धर म्हणाला, धरला. मला वाटलं, गोदामाच्या आसपास चाक डगमगेल, त्याची पाचावर धारण बसेल, माझ्याकडंच येईल मान खाली घालून. वाट बघत होतो मी त्याची. साडेसात झाले, येईना. मन खायला लागलं. फोन केला."

"'गाडी नंबर बोल, नाहीतर ठेव.'"

"तोही तसाच बोलला. मग म्हटलं मरा. ठेवला." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "बाहेरून आठला गाडी गेली. चाक हलताना मला दिसलं. मी इथंच उभा होतो. म्हटलं, आता खाली जाऊन आपटेल. थोडं बरंसुद्धा वाटलं, बाई. मला वाटलं, पोरगी पावणेआठच्या बसनं गेली."

टेम्पोवाल्यानं ठेवलेलं जुनं चाक दारात होतं, त्यातून हवा सुटत होती.

"तिचा दावा तुमच्या साक्षीवर आहे," बाई म्हणाल्या.

"देतो. वकील सांगेल तिथं सही करतो, तुरुंगात टाका. फक्त ती तिथं नको. तिच्या कानावर हे जाऊ देऊ नका." त्यानं हात जोडले. त्या सुरेख हातांची बोटं वंगणानं काळी होती. "वेंधळा बाप चालेल तिला. अजून हाक मारते ती मला. रोज सकाळी मारते."

टेपबाईंनी पर्स उचलली. खोटं बोलायची वेळ होती, पण तेवढं त्यांना जमलं नाही.

"फोटोतली चप्पल मला ओळखता आली नाही," त्या म्हणाल्या. "तिनंच ओळखली."

टायरवाल्यानं खाली पाहिलं. मग त्यानं डावी चप्पल काढली, फडक्यानं पुसली आणि रंगाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून हाक आली नाही, आणि त्यानंतरही आली नाही.

७

सुनावणीची खोली लहान होती. पंखा, तीन बाक, साक्षीदारासाठी लाकडी कठडा. लेक कुबड्या घेऊन सगळ्यांच्या आधी आली आणि पहिल्या बाकावर अगदी कठड्यासमोर बसली. आई तिच्या शेजारी. काय ऐकायला आलो आहोत, ते आईला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

टायरवाल्यानं सगळं सांगितलं. पाना, पाइप, उलटे आटे, रेघा. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं, ड्रायव्हर नखं खाऊ लागला, वकिलानं टेपबाईंकडं बघून हळूच मान हलवली. दावा टिकला होता. नवा पाय, ऑपरेशनं, पुढची चाळीस वर्षं, सगळं. शेवटी कंपनीचा वकील चिडून उठला.

"म्हणजे नट सुटताना तुम्हाला दिसत होते?"

"हो."

"तोंड होतं ना तुम्हाला? मग थांबवलं का नाही?"

टायरवाला कठड्याकडं बघत राहिला. मग तो पुटपुटला, "हसले म्हणून."

आईच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. लेकीनं तिचा हात घट्ट धरला, दुसरा हात वर केला.

"मला ऐकू आलं नाही."

न्यायाधीशांनी साक्षीदाराला पुन्हा सांगायला सांगितलं. टायरवाल्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा. "हसले म्हणून," तो म्हणाला. "ते हसले, म्हणून मी गप्प बसलो."

कठड्यापासून तो बाक टेपबाईंच्या अंदाजानं सहा फुटांवर होता. त्यांचा अंदाज अर्ध्या इंचाहून जास्त चुकत नाही.

"आता आलं ऐकू?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "अजून एकदा सांगायला सांगा."